दोन बोटं आत

"ए तोंड, इकडे ये," फोरमन म्हणाला. "तुझ्या आईला विचार, हे हात ती देवाला दाखवते का मला?"

मागे चौघेजण उभे होते, ते हसले. मी कड्यांची टोपली खाली ठेवली आणि आईशेजारी जाऊन उभी राहिले. कारखान्यात मला नाव नव्हतं. आईला सगळे मुकी म्हणायचे आणि मी मुकीचं तोंड. पुढे पुढे नुसतंच तोंड.

"सांग तिला," फोरमनने भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. "सहा नंबरचा आकडा बघ म्हणावं, आणि बाकीच्यांचा बघ. हिच्यापायी अख्खी रांग भोंगा झाल्यावर तासभर थांबते. या महिन्यातला हा नववा दिवस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

मी आईला सगळं हातांनी सांगितलं, फक्त म्हण गाळली. शिव्या, म्हणी आणि टोमणे मी तिच्यापर्यंत पोचवत नसे. लहानपणापासून ती चाळणी माझ्याकडे होती. आईला ऐकू यायचं नाही, पण लोक हसताना दिसायचे. त्यावर मी चाळणी कशी लावणार?

आमचा कारखाना बादल्यांचा. शेडमध्ये सात प्रेस एका ओळीत उभे होते. प्रत्येक प्रेसवर दोन माणसं. पुढचा साच्यावर पत्रा सरकवायचा आणि पायडल मारायचा. वरचा ठोकळा धाडकन खाली यायचा आणि बादलीचं बूड तयार. मागचा माणूस साच्यात हात घालून ते काढून घ्यायचा. तो हात बाहेर आला की पुढच्याने पुन्हा पाय मारायचा. आला की नाही हे कसं कळायचं? आवाज इतका, की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. सगळे तालावर चालायचे. एक, दोन, पाय. एक, दोन, पाय. मागच्याला शिंक आली, बूड साच्याला चिकटलं, की ताल चुकायचा. त्या शेडमध्ये बोट जाणं हे सर्दीपडशासारखं होतं. गेटवरच्या रखवालदाराला सगळे साडेसात म्हणायचे, कारण त्याला तेवढीच बोटं उरली होती, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

सहा नंबरवर मात्र तीन बहिरी माणसं होती. पुढे आई, मागे मिशीकाका, आणि पत्रा आणून देणारी गालावर तीळ असलेली एक मुलगी, तिला आम्ही तीळच म्हणायचो. त्यांचा कायदा वेगळा होता. मिशीकाका बूड काढून घ्यायचे, मग दोन्ही हात साच्याच्या वर उचलून तळवे आईकडे करायचे, दहाही बोटं पसरून. आई ती बोटं बघायची आणि मगच तिचा पाय खाली यायचा. प्रत्येक बुडामागे एक श्वासभर वेळ. पण असे दिवसाला हजार श्वास झाले की बोर्डावर आकडा कमी पडायचा, आणि आकडा भरला नाही की फोरमन सगळ्याच रांगेला थांबवून घ्यायचा. राग फोरमनवर यायला हवा होता. तो आईवर आला.

मी सातआठ वर्षांची असताना आईला विचारलं होतं की तू हातांना इतकी का जपतेस, सुरीसुद्धा अशी लांबून का धरतेस. ती म्हणाली होती, तुझं बोट कापलं तर बोट जाईल. माझं गेलं तर शब्द जाईल.

"काय म्हणतेय?" फोरमनने विचारलं.

आईने माझ्याकडे न बघता सरळ त्याच्याकडे बघत उत्तर दिलं होतं. तिचे हात फार सावकाश चालले होते, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसे. हात आहेत तोवर दाखवणार. काढून टाकायचं तर काढ. उद्याही दाखवणार.

फोरमनच्या मागे घाई उभा होता. चार नंबरवरचा, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. भोंग्याआधी पाच मिनिटं त्याची नजर घड्याळाला चिकटायची, म्हणून त्याचं नाव घाई. त्याची बायको तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. शेजारीण भोंग्याच्या वेळेपर्यंत तिच्याजवळ बसायची, नंतर तिला स्वतःचा स्वयंपाक असायचा. त्या तासाभरात बायकोच्या घशाला कोरड पडली तरी कुणी हाताशी नसायचं. महिन्यापूर्वी तो माझ्याकडे आला होता. "तोंड, तुझ्या आईला जरा समजाव. मी पाया पडतो म्हणावं." मी ते तसंच सांगितलं होतं. आईने विचारलं होतं, तुझ्या मागे तुझा मेहुणा उभा असतो, त्याचे हात तुला दिसतात का? घाई निघून गेला होता.

"अगं बोल की, काय म्हणतेय ती?"

माझ्या डोळ्यांपुढे आमची खोली आली. दोघींचीच खोली, बाप जाऊन सहा वर्षं झालेली. आईला दुसऱ्या कुठल्या कारखान्याने फाटकाच्या आत घेतलं नसतं, मिशीकाकांना नाही आणि तीळलाही नाही. वाटलं, आज वेळ मारून न्यावी. उद्याचं उद्या.

"हो म्हणतेय," मी म्हणाले. "उद्यापासून नाही दाखवणार."

फोरमन घाईकडे वळला. "ऐकलंस? शब्द दिलाय बाईने."

आईने मला खांद्याला धरून विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, बघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आईने हात पाहिल्याशिवाय एकदाही पाय मारला नाही. मी दर अर्ध्या तासाला काही ना काही निमित्त काढून तिच्याजवळ जात होते आणि काहीच न बोलता परत येत होते. सांगायचं तर आदल्या दिवसाचं खोटं सांगावं लागलं असतं. दुपारपर्यंत सगळी रांग सहा नंबरकडे बघायला लागली होती. संध्याकाळी आकडा भरला नाही. रांग तासभर थांबली.

सुटल्यावर मी नळावर हात धूत होते. लॉकरच्या बोळातून आवाज आला. आधी लोखंडाचा, मग माणसाचा. तो आवाज ओळखायला मला वेळ लागला, कारण आईचा आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, बापाला घराबाहेर नेलं तेव्हा.

बोळात तिघे होते. दोघांनी आईला लॉकरवर दाबून धरलं होतं. घाईने तिचं डावं मनगट पकडलं होतं आणि तो तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता, "शब्द देऊन फिरवतेस? शब्द देऊन?" बहिऱ्या बाईच्या कानात तो पुन्हा पुन्हा तेच ओरडत होता. आई त्याच्या ओठांकडे बघत होती. कशाबद्दल चाललंय हे शोधत होती.

मग त्याने तिचा पंजा लॉकरच्या चौकटीवर ठेवला आणि दार लाथेने लावलं. एकदा. दार पूर्ण बसलं नाही, म्हणून पुन्हा एकदा.

मी मध्ये शिरले तेव्हा कुणीतरी मला भिंतीवर फेकलं. मिशीकाका कुठून आले कोण जाणे, त्यांनी एकाला मागून विळखा घातला. त्याने हातातलं लॉकरचं कुलूप त्यांच्या तोंडावर मारलं. दात फरशीवर पडून टपटप वाजले. आई खाली बसली होती, डावा हात पोटाशी धरून. उजवा तिने फरशीवर टेकला होता, उठण्यासाठी, आणि त्यावर एकजण बुटाचा पाय देऊन गेला. मुद्दाम की घाईत, ते मला आजही सांगता येणार नाही. घाई मात्र गेला नव्हता. तो तिथेच उभा राहून धापा टाकत होता. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि तो पळत सुटला.

चौकशी झाली. साठ माणसं, सगळ्यांचे कान शाबूत, आणि सगळ्यांनी कानावर हात ठेवले. लॉकरचं दार सैल होतं असं ठरलं. बहिऱ्या बाईला सांगितलेलं कळत नाही असंही कुणीतरी लिहून दिलं.

दवाखान्यात आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधले होते. उजवा बरा होणार होता. डाव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सांध्यात चुरलं होतं. ती जुळतील, पण सरळ होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. ते मी आईला सांगितलं. तिने मान हलवली. तेवढंच तिला करता येत होतं. बोलायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि मी समोर दोन धड हात घेऊन बसले होते.

तिसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. तू नाही म्हणालीस ते मी हो करून सांगितलं. तू शब्द मोडलास असं त्यांना वाटलं. मध्येच खुणा तुटत होत्या. आई शेवटपर्यंत बघत राहिली. सांगून झाल्यावर तिने डोळे मिटले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की दार लागतं. तुम्ही बाहेर कितीही उभं राहा.

सहा आठवडे ती तशी होती. मी तिला भरवायचे, तिची वेणी घालायचे, तोंड पुसायचे. त्या दिवसांत मी एक नेम धरला. सकाळी उठल्यापासून कारखान्याचा पहिला भोंगा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. देवापुढे बसायचं तेही मुक्यानेच. काही मागायचं धाडस होत नसे, नुसती बसायचे.

पट्ट्या सुटल्या तेव्हा वाटलं, आता ती बोलेल, मला शिव्या देईल. ती बोलली. पाणी, मीठ, मिशीकाकांची तब्येत, असलं सगळं. पण ती मला हाक मारेना. आमच्यात प्रत्येकाच्या नावाची खूण असते. मिशीकाकांचं नाव म्हणजे मिशीला पीळ, तीळचं नाव म्हणजे गालावर बोट. माझं नाव आईने ठेवलं होतं, उजव्या हाताची दोन बोटं ओठांना लावून पुढे करायची. ती खूण तिने बंद केली. हवं असेल तेव्हा नुसतं खांद्यावर टकटक करायची, जशी अनोळखी माणसाला करतात.

"आई, दुसरीकडे कुठेतरी बघू या," मी म्हटलं.

तिने विचारलं, कुठे? आणि मग, तिथे प्रेस नसतील?

ती परत गेली. मिशीकाकाही आले, पुढचे चार दात नसलेले, मिशी त्यावर ओढून बसवलेली. आईचा डावा हात आता पुढच्या कामाचा उरला नव्हता, पत्रा धरायला दोन्ही हातांची पकड लागते. त्यांनी जागा बदलल्या. मिशीकाका पुढे, आई मागे. आता हात दाखवायची पाळी तिची. तिने बूड काढलं, दोन्ही हात वर केले, तळवे समोर धरले. उजव्याची पाच बोटं. डाव्याची तीन, आणि दोन तळव्याकडे वळलेली, सरळ न होणारी. मिशीकाकांनी त्यांना पुरेसा वेळ बघितलं आणि पाय मारला.

फोरमनने तोंड उघडलं नाही. मारहाणीनंतर तो जरा जपून होता. पण रांग गप्प बसली नाही. जेवणाच्या सुट्टीत घाईने सुरुवात केली. डबा उघडायच्या आधी त्याने दोन्ही हात वर केले आणि डाव्याची दोन बोटं आत दुमडली. "बघा बरं, हात रिकामे आहेत. जेवू का?"

लोक पोट धरधरून हसले. तो मेहुणा, त्याच्या बायकोचा भाऊ, तोही हसला. सगळी शेड त्याला मेहुणाच म्हणायची आणि त्यावरून होणारे विनोद तो निमूट गिळायचा. दुसऱ्या कुणावर विनोद झालेला बघून त्याला बरं वाटलं असावं.

"घाई, दोन बोटं आत घे की नीट."

"घेतली ना. लायसन आहे आपल्याकडे."

हा खेळ रांगेत पसरला. दोन नंबरवाले बूड काढलं की एकमेकांना वाकडे हात दाखवायचे आणि दात काढायचे. मग एक नंबर, मग पाच. चार नंबरवर तर घाई आणि मेहुणा दर वेळी करायचे, कधी जीभ बाहेर काढून, कधी डोळे फिरवून. आईकडे बघून करायचे. आई सगळं बघायची. मी एकदा तिला म्हणाले, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. ती म्हणाली, मी त्यांचे हात बघतेय, तोंडं नाही. बाहेर येतायत.

तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. दोन महिने त्या शेडमध्ये एकही बोट गेलं नाही. हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. न घडलेल्या गोष्टी कोण मोजतो?

विनोद हळूहळू शिळा झाला. लोक कंटाळले. त्याच आठवड्यात फोरमनने बोर्डावरचा आकडा वाढवला आणि रांग पुन्हा तालावर आली. एक, दोन, पाय.

शुक्रवारी, भोंग्याला दहा मिनिटं असताना, चार नंबरवर बूड साच्याला चिकटलं. मेहुण्याने हात घातला, ते सुटेना, त्याने दुसरा हात घातला. घाईची नजर घड्याळावर होती.

मी पाठमोरी होते. मला ऐकू काहीच आलं नाही, नेहमीसारखा ठोका पडला. पण आई सहा नंबरवरून धावत निघालेली दिसली. ती तळपायांनी ऐकते. ठोका जड पडला हे तिला जमिनीतून कळलं होतं, मेहुणा ओरडायच्याही आधी.

तो ओरडला तेव्हा सात प्रेसच्या वर ते ऐकू आलं. ठोकळा वर गेला आणि पुन्हा खाली आला. घाईचा पाय पायडलवरच होता. त्याला तो उचलता येत नव्हता. तोंड उघडं, डोळे मेहुण्यावर, आणि पाय तसाच दाबलेला. ठोकळा पुन्हा वर जायला लागला. आई खाली बसली, तिने दोन्ही हातांनी घाईचा बूट धरला आणि पायडलवरून ओढून काढला. घाई मागे पडला. मेहुणा साच्यावर ओणवा झाला होता. बादलीच्या बुडावर रक्त साठून कडेने सांडत होतं. त्या बुडात जे होतं ते मी बघितलं आणि मग बघायचं थांबवलं.

आईने अंगावरचा एप्रन फाडला. वाकड्या बोटांत पट्टी धरून, उजव्या हाताने पीळ देऊन तिने त्याचा दंड आवळला. मिशीकाकांनी त्याला मांडीवर घेतलं. तीळ गेटकडे धावली आणि साडेसातला ओढत घेऊन आली. रांगेतले बाकीचे आपापल्या प्रेसला पाठ लावून उभे होते.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर घाई बसला होता. त्याच्या पँटवर मेहुण्याचं रक्त वाळून काळं पडलं होतं. आई आणि मी समोर उभ्या. आतून कळलं, उजव्या हाताची चार बोटं आणि अर्धा तळवा. डावा वाचला.

मी तोंडाने बोलायला लागले आणि तेच हातांनीही, आईला दिसेल असं. एकही शब्द गाळायचा नाही असं ठरवलं होतं.

"घाईकाका, त्या दिवशी आई हो म्हणाली नव्हती."

"कुठल्या दिवशी?"

"फोरमनने विचारलं तेव्हा. ती नाही म्हणाली होती. हो मी म्हटलं. माझ्या मनाने."

त्याने मान वर केली. "म्हणजे शब्द..."

"दिलाच नव्हता. फिरवणार कुठून?"

"आणि मी लॉकरपाशी जे विचारत होतो..."

"तिला काही माहीतच नव्हतं. मी नंतर सांगितलं. इथेच, वरच्या मजल्यावर."

घाईने आईच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली. "तोंड, तिला सांग..." तो म्हणाला आणि थांबला. "नाही. काही नको सांगू."

मी आईला ते तसंच सांगितलं. काहीतरी सांग म्हणाला, मग काही नको सांगू म्हणाला.

आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. भोंगा होऊन दीड तास झाला होता. तिने मला विचारलं, याच्या बायकोजवळ आता कोण आहे?

मी घाईला विचारलं. त्याने ओठ हलवले. "कुणी नाही."

तेव्हा आईने माझ्याकडे बघून उजव्या हाताची दोन बोटं ओठांना लावली आणि पुढे केली. चार महिन्यांनी. मग म्हणाली, तू जा. तिला पाणी दे. भाऊ जिवंत आहे, एवढंच सांग. बाकीचं त्याचं तो सांगेल.

मी गेले. त्या बाईला चमच्याने पाणी पाजलं. तिने विचारलं, "तू कोण गं?" मी म्हटलं, "सहा नंबरवर आहेत ना, त्यांची मुलगी." ती म्हणाली, "हां, ते हात दाखवतात ती." घाई घरी जाऊन तिला काय काय सांगत असे कोण जाणे. ती हसली नाही.

सोमवारी फरशी धुतलेली होती. चार नंबरवर घाईच्या मागे एक नवा माणूस दिला होता. घाईने पत्रा सरकवला, ठोकळा पडला, नव्या माणसाने बूड काढलं आणि तो थांबला, पुढच्या ठोक्यासाठी. घाईने पाय मारला नाही.

"मार ना," नवा माणूस ओरडला.

घाईने पायडलवरून पाय पूर्ण काढून जमिनीवर ठेवला आणि स्वतःचे हात वर करून दाखवले. डाव्याची दोन बोटं आत. खेळात हाताला ती खूण तशीच लागली होती. नव्या माणसाने बघितलं आणि तसेच हात वर केले, दोन बोटं आत. घाईने पाय मारला. कुणी हसलं नाही. दुपारपर्यंत दोन नंबरवर सुरू झालं. संध्याकाळी पाच आणि एकवर. आकडा भरला नाही, रांग थांबली, आणि पहिल्यांदाच कुणी सहा नंबरकडे वळून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोरमन लोखंडी पट्टी घेऊन आला. "मुक्यांचा कारखाना केलाय का? खाली कर ते हात."

घाई हात वर धरून उभा होता. फोरमनने पट्टी त्याच्या गालावर मारली. कानापासून हनुवटीपर्यंत कातडी उलली. घाईच्या एका धक्क्यात फोरमन भिंतीला लागला असता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने हात खाली घेतले नाहीत. फोरमनने दुसऱ्यांदा मारलं, या वेळी बोटांवर. रक्त कोपरापर्यंत आलं. तेव्हा शेजारच्या पाच नंबरवरच्या माणसाने पायडलवरून पाय काढला आणि हात वर केले. मग तीनवर. मग मिशीकाका, आई, तीळ. पट्टी तिसऱ्यांदा उचललेली होती ती तशीच राहिली. सातही प्रेस बंद होते. त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा माशीचा आवाज ऐकला.

आठवड्याभराने बोर्डावरचा आकडा कुणीतरी पुसून कमी केला. कुणी, ते सांगितलं नाही. वर्षभरात फोरमनची बदली झाली, त्याच्या जागी दुसरा आला आणि त्याने भिंतीवर एक पाटी लावली, की हात दाखवल्याशिवाय प्रेस चालवू नये, आदेशावरून. कुणाच्या आदेशावरून ते पाटीवर नव्हतं. मेहुणा गेटवर साडेसातच्या शेजारी बसायला लागला. घाईने आईशी नंतर कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत तिच्या वाटेतली बादली उचलून बाजूला ठेवायचा.

या सगळ्याला अकरा वर्षं झाली. घाई गेला, मिशीकाका गेले. गेल्या महिन्यात आईचा कामाचा शेवटचा दिवस होता. शेडमध्ये आता बारा प्रेस आहेत आणि बहुतेक सगळी माणसं नवी.

भोंग्याला थोडा वेळ होता. आई ओळीतून चालत निघाली होती, मी मागे. नऊ नंबरवर एक मुलगी उभी होती, आठवड्यापूर्वी लागलेली. तिने बूड काढलं आणि दोन्ही हात वर केले, दहाही बोटं पसरून. पुढे उभ्या असलेल्या बाईने पाय मारला नाही.

"अशी नाही गं," ठोक्यांच्या मधल्या फटीत ती ओरडली. "ही दोन आत घे."

"का?"

"का म्हणजे? इथं असंच करतात."

आई थांबली. तिला बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण मुलीने बोटं दुमडलेली तिने बघितलं. ती जवळ गेली. तिने त्या मुलीचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि करंगळी आणि शेजारचं बोट हळूच उघडून सरळ केलं. तिची स्वतःची दोन बोटं त्या मुलीच्या मनगटावर वाकडीच टेकली होती. मुलगी गोंधळून हसली. तिला वाटलं, म्हातारी निरोप घेतेय.

"या हं आजी," ती म्हणाली.

आईने मान हलवली आणि ती दाराकडे निघाली. दारात पोचल्यावर तिने एकदा मागे वळून बघितलं. नऊ नंबरच्या मुलीने पुढचं बूड काढलं होतं. तिचे हात वर होते, डाव्याची दोन बोटं आत. ओळीतले बाराही तसेच.

आईने ओठांना दोन बोटं लावून मला हाक मारली. चल.